काना वाटेत हरवू नये म्हणून

आधार पत्रावरचा मोठा क्यूआर कोड साध्या स्कॅनरने वाचून नोटपॅडमध्ये उतरवला, तर पडद्यावर नाव येत नाही, पत्ता येत नाही, फोटो तर नाहीच. येते ती आकड्यांची लांबच लांब रांग. हजारांच्या घरातले आकडे, मध्ये एकही अक्षर नाही. त्या रांगेतच माणसाचं नाव-गाव असतं, जेपीईजी-२००० पद्धतीने आवळलेला चिमुकला फोटो असतो आणि शेवटी २५६ बाइटांची डिजिटल सही असते. हे सगळं आधी एका बायनरी तुकड्यात बांधलेलं, मग दाबून लहान केलेलं, आणि मग तो तुकडा म्हणजे एक अवाढव्य पूर्णांक आहे असं धरून दशमान पद्धतीत लिहून काढलेलं असतं. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावात धानविक्रीची नोंदणी, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी कामं संगणकावर करणाऱ्याच्या हातून अशा रांगा रोज जातात. ईमेलच्या जोडपत्रात, सहीच्या फाइलीत, दोन सरकारी प्रणालींमधल्या देवाणघेवाणीत. फाइल अशी साध्या चिन्हांत लिहून पाठवण्याच्या या रीतीकडे संगणकाचं शिक्षण घेतलेले बरेचजण जुन्या काळाची अडगळ म्हणून पाहतात. माझं मत तसं नाही. दोन संगणकांच्या मधे कोण कोण बसलं आहे हे पाठवणाऱ्याला कधीच पुरतं कळत नाही, आणि जोवर ते कळत नाही तोवर वाटेतल्या कुणीही ज्यांना हात लावणार नाही अशाच चिन्हांत फाइल लिहून पाठवणं शहाणपणाचं आहे. मराठीत काम करणाऱ्याला हे इतरांपेक्षा लवकर पटायला हवं, कारण संगणकांच्या जाळ्याने कित्येक वर्षं मराठी मजकुराला मजकूर मानलंच नाही.

वाटेत नेमकं काय बिघडतं, ते आधी पाहू. ईमेल वाहून नेण्याचा मूळ नियम १९८२ सालचा, आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). त्यात प्रत्येक चिन्हाला सातच बिट धरलेले होते आणि ओळीची लांबी हजार चिन्हांपर्यंत. सात बिटांत १२८ चिन्हं बसतात. इंग्रजी मुळाक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही अदृश्य आज्ञा यांतच ती संपतात. फोटो किंवा प्रोग्रामच्या फाइलीत मात्र बाइटचे आठही बिट कामाला असतात. आठवा बिट वाटेतल्या यंत्राने पुसला की फाइल गेली. बरं, धोका तेवढाच नव्हता. आयबीएमच्या मोठ्या संगणकांची चिन्हांची कोष्टकंच वेगळी होती, त्यामुळे तिकडून जाताना महिरपी कंस किंवा लहरी रेघ यांसारखी चिन्हं बदलून येत. काही प्रणाली ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा कापून टाकत. एखादी ओळ इंग्रजीतल्या ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू झाली, तर टपाल साठवणारे कित्येक प्रोग्राम तिच्यापुढे आपल्याकडून एक बाण जोडत. म्हणजे ज्या भाषेसाठी सगळी व्यवस्था उभी केली, तिचा मजकूरही शाबूत पोचेल अशी खात्री नव्हती. बर्कलीत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८० मध्ये लिहिलेला यूयूएनकोड हा यावरचा पहिला गाजलेला उपाय. त्यात फाइलीचे बिट सहा-सहाच्या गटांत तोडून प्रत्येक गटाला एक छापील चिन्ह दिलं जाई. पण त्या ६४ चिन्हांत मोकळी जागाही होती आणि विरामचिन्हंही, आणि मोकळ्या जागेचं काय होतं ते वर आलंच आहे. नंतरच्या बेस-६४ ने हा धडा घेतला. मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं मिळून ५२, दहा आकडे, अधिकची खूण आणि तिरकी रेघ, अशी फक्त ६४ चिन्हं त्याने घेतली, आणि ती घेतली कारण तेव्हाच्या साऱ्या महत्त्वाच्या कोष्टकांत ती सारखीच टिकत होती. ही पद्धत १९८७ मध्ये गोपनीय ईमेलच्या एका प्रस्तावात आली आणि जून १९९२ मध्ये नॅथनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांच्या माइम या ईमेलच्या मानकातून जगभर पसरली. त्याच वर्षी मार्चमध्ये बोरेनस्टाइन यांनी पाठवलेल्या पहिल्या जोडपत्रात त्यांच्या गायनचौकडीचा फोटो होता. एवढी यंत्रणा उभी करून माणसाने सर्वांत आधी स्वतःचाच फोटो पाठवावा, यात नवल काही नाही.

आता हीच गोष्ट मराठीच्या बाजूने पाहू. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे मानक पक्कं केलं; पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे ते सरकारी कचेऱ्यांत पोचलं. या मानकात इंग्रजी अक्षरं खालच्या १२८ घरांत जशीच्या तशी ठेवली आणि देवनागरीला वरची घरं दिली. वरची घरं म्हणजेच आठवा बिट चालू. सात बिटांच्या वाटेवर अशा मजकुराचं काय होईल, याचं उत्तर कागदावर मांडता येतं. इस्कीत ‘अ’ १६४ व्या घरात आहे. आठवा बिट गेला की उरतं ३६, म्हणजे डॉलरची खूण. ‘ड’चं प्रश्नचिन्ह होतं. पाय मोडल्याची खूण धाकट्या एचमध्ये बदलते, ‘य’चा एम होतो, काना झेडमध्ये जातो आणि ‘ळ’ आरमध्ये. अड्याळ या नावाऐवजी समोर येते ती डॉलर, प्रश्नचिन्ह आणि चार इंग्रजी अक्षरांची निरर्थक जुडी, आणि नुसती ती पाहून मूळ नाव काय होतं ते वाचणाऱ्याला ओळखता येणार नाही. थोडक्यात, जाळ्याच्या दृष्टीने मराठी पत्र आणि फोटोची फाइल यांत काडीचा फरक नव्हता. सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच्या आधीपासून परदेशातली मराठी माणसं युजनेटवरच्या मराठी चर्चागटात रोमन लिपीत मराठी लिहीत होती. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सने त्या लेखनाला नियम घालून दिले, म्हणजे नियम पाळून लिहिलेला रोमन मजकूर पलीकडे पुन्हा देवनागरीत उमटवता येई. तीही मजकूर सुरक्षित चिन्हांत बसवण्याचीच रीत, फक्त तिच्यात निम्मं काम माणसाच्या बोटांना करावं लागे. कृतीदेव आणि तत्सम फॉन्टांनी वेगळीच वाट धरली: साठवायची इंग्रजी चिन्हं आणि दाखवायचा देवनागरी आकार. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला आजही अशा फाइलीत फक्त इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो, आणि अशा फाइली अजून येतात.

युनिकोडने मराठीला हक्काची घरं दिली, आणि १९९२ मध्येच जन्मलेल्या यूटीएफ-८ ने ती घरं बाइटांत कशी लिहायची ते ठरवलं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला त्यात तीन बाइट लागतात. बेस-६४ तीन बाइटांची चार अक्षरं करतं. म्हणजे मराठीचं एक चिन्ह आणि बेस-६४ ची एक चौकडी, हिशेब चोख बसतो. अड्याळ या नावात अ, ड, पायमोडीची खूण, य, काना आणि ळ अशी सहा चिन्हं आहेत. अठरा बाइट, चोवीस अक्षरं. देवनागरीच्या सगळ्या चिन्हांचे पहिले दोन बाइट जवळजवळ सारखेच असल्यामुळे प्रत्येक चौकडी ‘चार, के, एस’ किंवा ‘चार, के, डब्ल्यू’ अशीच सुरू होते आणि ओळख पटते ती मुख्यतः चौथ्या अक्षरावरून. सवय झालेला डोळा अशा मजकुरात मराठी आहे एवढं न उलगडताही सांगू शकतो. गंमत पुढे आहे. नाव चौकडीच्या सुरुवातीपासून लिहिलं, तर कान्याचं चौथं अक्षर येतं अधिकची खूण आणि ऱ्हस्व वेलांटीचं येतं तिरकी रेघ. ६४ चिन्हांत अक्षर किंवा आकडा नसलेली चिन्हं दोनच, आणि मराठीत पदोपदी येणारे काना आणि वेलांटी नेमके त्यांच्याच वाट्याला आले आहेत. पवनी तालुक्यातल्याच चिचाळ या गावाच्या नावात दोन्ही सापडतात. वेब पत्त्याच्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात अधिकच्या खुणेचा अर्थ मोकळी जागा असा होतो आणि तिरकी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही. म्हणून कुणी बेस-६४ चा मजकूर तसाच वेब पत्त्यात चिकटवला, तर इंग्रजी नावांवर केलेल्या चाचण्यांत बहुधा काहीच बिघडत नाही, आणि मराठी नाव आलं की पहिल्या कान्यालाच खिंडार पडतं. काही प्रोग्राम ती मोकळी जागा गाळून पुढचं उलगडायला घेतात. मग एक अक्षर कमी पडल्याने त्यापुढच्या सगळ्या चौकड्या सरकतात आणि उरलेलं नाव मातीमोल होतं. यावर इलाज आहे. २००६ च्या आरएफसी ४६४८ मध्ये या दोन चिन्हांऐवजी आडवी रेघ आणि अधोरेघ वापरणारा प्रकार नोंदलेला आहे. तो वापरावा लागतो, एवढंच.

माइममध्ये मजकुरासाठी दुसरी एक पद्धत आहे, कोटेड-प्रिंटेबल. तिच्यात इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी राहतात आणि वेगळा बाइट आला की त्याच्या जागी तीन चिन्हं लिहिली जातात. फ्रेंच किंवा जर्मन पत्रात असा बाइट अधूनमधून येतो, तिथे ही पद्धत सुटसुटीत आहे. मराठीत प्रत्येक बाइट वेगळाच. अड्याळ हे नाव तिच्यात चोपन्न चिन्हं खातं, बेस-६४ च्या दुपटीहून जास्त. ईमेलच्या विषयाच्या ओळीचा नियम आणखी कडक आहे: सांकेतिक तुकडा ७५ चिन्हांहून मोठा नको. त्यातली बारा चिन्हं नुसत्या वेष्टनात जातात, उरलेल्या जागेत पंधराच देवनागरी चिन्हं बसतात. ‘भंडारा जिल्हा परिषद’ एवढंही एका तुकड्यात मावत नाही. तुकडा अक्षराच्या मधोमध तोडायचा नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. पण तो न पाळणारे प्रोग्राम बरेच होते, आणि मराठी विषयाच्या ओळीत मधेच दिसणारे काळे चौकट-प्रश्नचिन्हांचे ठिपके बऱ्याचदा त्यांचेच. दोष संकेताचा नाही. तो अर्धवट पाळणाऱ्याचा आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा की ही जुनी रडगाणी झाली. आता तारा आठही बिट नेतात. हे खरं आहे. ईमेलला आठ बिटांची परवानगी देणारी दुरुस्ती १९९३ पासून आहे, निखळ बायनरी नेणारीही त्यानंतर आली. वेबच्या अर्जातून फाइल चढवताना ब्राउझर ती बायनरीच पाठवतो, तिथे बेस-६४ लागत नाही. पण वाट म्हणजे केवळ तार असं धरल्यामुळे हा आक्षेप बळकट वाटतो. आजच्या वाटेवर दोन प्रणालींमधला जेसन किंवा एक्सएमएलचा मजकूर असतो, आणि त्यात कच्चे बाइट घालताच येत नाहीत. कॉपी करून चिकटवणारा माणूस असतो. मजकूर ‘स्वच्छ’ करून देणारा प्रोग्राम असतो, जो अदृश्य जोडखूण कचरा समजून काढतो आणि जुन्या रीतीने लिहिलेल्या ‘दुसर्‍या’ या शब्दातला अर्धा र बिघडवतो. आणि कळफलक असल्याचं भासवणारा स्कॅनर असतो. संगणकाला तो बोटं चालल्यासारखा भासतो. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिला असेल तर त्याने पाठवलेल्या धाकट्या केचा क उमटतो. नुसते आकडे या फेऱ्यातून अक्षरांपेक्षा सहीसलामत जातात. मोबाइलच्या संदेशातही सात बिट अजून जिवंत आहेत: एका संदेशात १४० बाइट, इंग्रजीत १६० चिन्हं, मराठीत सत्तर. तार सुधारली म्हणून तिच्या दोन्ही टोकांचं सॉफ्टवेअर सुधारलं असं होत नाही. डिजिटल सहीच्या बाबतीत तर तडजोडीला जागाच नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पीडीएफमधली अशी सही शून्य ते नऊ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांत लिहिलेली असते, प्रत्येक बाइटला दोन चिन्हं. जागेच्या हिशेबाने हे बेस-६४ पेक्षाही उधळं; पण सही केलेल्या भागातला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी पडताळणी फसते, त्यामुळे जागा वाचवण्याची तिथे कुणाला घाई नाही.

दुसरा आक्षेप वजनाचा, आणि गावाकडे तो जास्त टोचतो. तीन बाइटांची चार अक्षरं म्हणजे एकतृतीयांश वाढ; ईमेलमध्ये ७६ अक्षरांमागे ओळ तोडावी लागते, ते धरलं तर सदतीस टक्क्यांच्या आसपास. सर्व्हरची मर्यादा पूर्ण पत्राला २५ एमबी असेल तर फाइल अठराच्या थोडी वर असली की संपलं. वीस एमबीची फाइल परत का आली याचं कोडं त्यात आहे. धान मोजताना बारदान्याचं वजन वेगळं धरतात, तसं हे धरावं. बारदान्याशिवाय धान हलत नाही, आणि घरी आणल्यावर ते कुणी बारदान्यासकट शिजवत नाही. खरी उधळपट्टी दुसरीकडे असते. काही शे केबींत स्वच्छ दिसणाऱ्या पासबुकाच्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो चार एमबीचा असतो. त्यापुढे तेहतीस टक्के म्हणजे किरकोळ. आधी दाबावं आणि मग मजकुरात बदलावं, हा क्रम पाळला तर बहुतेक तक्रार मिटते. शिवाय वाढ किती होणार हे पात्रावर ठरतं. आधारच्या क्यूआरमध्ये एका बाइटला सरासरी दोन-अडीच आकडे पडतात, बेस-६४ मध्ये सव्वा-दीड अक्षर. वरवर पाहता आकडे महाग. पण क्यूआर कोड तीन आकडे दहा बिटांत बसवतो, त्यामुळे आकड्यांत लिहिलेली माहिती ठशात जवळजवळ काहीही वाया न घालवता मावते, आणि बेस-६४ चं अक्षर मात्र तिथे पूर्ण आठ बिट घेतं. लांब दिसणारी रांग प्रत्यक्षात लहान ठसा देते. कुठल्या चिन्हांत लिहायचं हे कुठल्या वाटेने जायचं ते पाहून ठरवावं लागतं, ते असं.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. असा मजकूर अगम्य दिसतो, म्हणून पुष्कळांना तो गुप्त वाटतो. तो गुप्त नसतो. त्याला किल्ली नाही, कुलूप नाही. कोणताही संगणक क्षणात उलगडतो. पासवर्ड बेस-६४ मध्ये लिहून तो लपवला असं समजणारी प्रणाली उघड्यावरच पासवर्ड ठेवते. दुसऱ्या बाजूने, माणसाच्या आणि साध्या शोधाच्या नजरेला तो खरंच आंधळा करतो. आधी किती बाइट आले त्यानुसार एकच शब्द तीन वेगवेगळ्या रूपांत उतरतो, त्यामुळे साठवलेल्या कच्च्या पत्रांत अड्याळ शोधायचं तर तीन रूपं शोधावी लागतात. म्हणून माझा निर्णय असा: हा वेश प्रवासापुरता. पोचल्यावर उलगडावं, मूळ रूपात साठवावं. डेटाबेसमध्ये फोटो आणि दाखले कायमचे बेस-६४ मध्ये ठेवणं म्हणजे जागाही घालवणं आणि शोधही घालवणं. जे लोक या रीतीला नावं ठेवतात त्यांचा राग बहुतेक या गैरवापरावर असतो, आणि तो रास्त आहे.

पोर्टल आणि अ‍ॅप बांधणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. चाचणीच्या रकान्यात इंग्रजी ‘टेस्ट’ लिहून थांबू नका. ‘अड्याळ’ आणि ‘चिचाळ’ अशी नावं टाका, ती वेब पत्त्यातून, विषयाच्या ओळीतून, फाइलीच्या नावातून, स्कॅनरमधून पाठवून परत मागवा आणि बाइट न् बाइट ताडून पाहा. फरक निघाला तर लोकांसाठी खुलं करण्याआधी तो दुरुस्त करा. नंतर तो दाखल्यावर छापला जातो.